मे महिन्याची सुट्टी

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या सुट्टीविषयी लिहावयास बसलो आहे हे पाहून वाचक मनात म्हणतील, की या गृहस्थांचे पंचांग हरवलेले दिसते. पण या लेखाचा उगम दिवाळीतच आहे. नेमके सांगायचे तर दिवाळीच्या किल्ल्यात आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. अंगणाच्या कोपऱ्यात नातवंडांचा किल्ला चालू होता. एरवी कपड्याची घडी मोडू न देणारे आमचे चिरंजीव कोपरापर्यंत चिखलात माखले होते. सूनबाईंनी अडगळीतून जुने गोणपाट काढून दिले होते. धाकटा नातू दगड आणीत होता आणि आठ वर्षांची नात बुरुजावर मोठ्या गंभीरपणे अळीव पेरीत होती. पेरता पेरता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आजोबा, मे महिन्यात मी शिबिराला गेले होते ना, तिथे निसर्गाशी मैत्री शिकवत होते. त्याचं सगळं सामान पिशवीतून मिळालं होतं. पानं, फुलं, फुलपाखरं, सगळी प्लॅस्टिकची. इथे तर आपण काहीच विकत आणलं नाही. तुमच्या सुट्टीत तुम्ही काय काय विकत आणायचात?"

"काही नाही," असे मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले. पोरगी पुन्हा अळिवाकडे वळली. मी मात्र अडकलो. खरोखरच काही नाही? आणि मग सारा दिवस आम्ही करीत तरी काय होतो? ती सुट्टी आमच्या वाट्याला आली कोठून? आणि ती जशी मला आठवते तशीच सर्वांची होती काय? उत्तरे शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की आपण जिला आजी-पणजीच्या काळची समजतो त्या मे महिन्याच्या सुट्टीलाही एक इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका जुनाही नाही, साधाही नाही.

सुट्टी आली कोठून?

आपल्याकडच्या जुन्या पंतोजीच्या शाळेला सुट्टी नव्हती असे नाही. पण ती पंचांगावर चाले. अमावास्या, प्रतिपदा, अष्टमी असे अनध्यायाचे दिवस, सणवार, गावची जत्रा, हीच तिची सुट्टी. उन्हाळा आला म्हणून सलग दीड-दोन महिने पाट्या खुंटीला टांगून ठेवायच्या, ही पद्धत इंग्रजी अमलाबरोबर रुळली.

त्यामागचे कारण साहेबाच्या अंगाची होणारी काहिली. मुंबईचा उन्हाळा त्याला सोसेना. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे थंड हवेचे ठाणे वसवले, आणि पुढे मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात तेथे हलू लागला. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर पाहिला आणि तेथेही बंगले उठले. सरकारच डोंगरावर गेल्यावर खाली कोण थांबणार? न्यायालयांना मे महिन्याची मोठी सुट्टी पडू लागली. १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, आणि परीक्षा, निकाल व सुट्टी यांचे चक्र साऱ्या इलाख्यात फिरू लागले.

साहेबाची सोय म्हणून आलेली ही सुट्टी आपल्या मातीत मात्र फार छान रुजली. तिची वेळच तशी होती. चैत्र-वैशाखात रब्बीचे पीक घरात आलेले असते, खळी मोकळी झालेली असतात आणि मृगाला अजून अवकाश असतो. लग्नसराई याच दिवसांत, घरांची शाकारणी याच दिवसांत, वर्षाची बेगमी भरून ठेवायची तीही याच दिवसांत. खानदेशात तर अक्षय्यतृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखाजीला, सासुरवाशिणींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे ही जुनी चाल. म्हणजे माणसांनी एकत्र जमण्याचा हा काळ आधीपासूनच ठरलेला होता. शाळेच्या सुट्टीने त्यात मुलांची भर घातली, एवढेच.

आजोळची वाट

पण जमायचे तर पोचले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे हा प्रवास मुलाबाळांना झेपण्याजोगा झाला. गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या यांनी कोकणातला व घाटावरचा माणूस मुंबईत ओढून नेला होता. मे महिन्यात तोच माणूस बायकामुलांसह उलट्या वाटेने निघू लागला. 'आजोळ' हा शब्द जुना असेल, पण दरवर्षी ठरलेल्या महिन्यात आजोळी जाणारे मूल हे आगगाडीचे आणि चाकरीचे अपत्य आहे.

कोकणातल्या मुलांची वाट पाण्यावरून होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, आणि बंदराबंदरात पडावात उतरून लोक किनारा गाठायचे. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी बंद होत. तेव्हा परत यायचे ते समुद्र खवळण्याच्या आत. सुट्टी संपल्याची तारीख शाळा ठरवी हे खरे, पण कोकणात त्या तारखेवर दर्याची सही लागे. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली, आणि हळूहळू लाल धुरळ्याच्या रस्त्यांनी आडगावची आजोळेही जवळ आणली.

ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचे गाठोडे, इतका आमचा संसार असे. प्रवासात मागे कचरा म्हणून काय उरे? केळीचे पान आणि शेंगांची टरफले. पान खिडकीतून गाईला आणि टरफले वाऱ्याला! यात आमचे काही मोठेपण नव्हते. टाकण्याजोगे काही आमच्याजवळ नव्हतेच.

अंगणातले वाळवण

आजोळच्या दिवसाचा मध्यबिंदू म्हणजे वाळवण. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी एका कुरडईची हकीकत सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे. पाणी रोज बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवत ठेवायचा. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक मोठ्या पातेल्यात हिंग-मीठ घालून शिजवायचा. एकीने घोटायचे, दुसरीने पातेले धरायचे, तिसरीने सोऱ्या दाबायचा. पोरांना वाटीवाटी गरम चीक मिळे, पण तो फुकट नसे. त्याच्या बदल्यात काठी घेऊन कावळे हाकीत सावलीत बसायचे. चीक काढून उरलेला गव्हाचा चोथाही वाया जात नसे. त्याच्या भुसवड्या होत, नाहीतर तो गोठ्यात जाई.

हीच तऱ्हा आंब्याची. कैरीचे पन्हे, लोणचे, साखरांबा, पिकला की रस, रस उरला की ताटाला तूप लावून त्याचे साठ, साली गुरांना, आणि बाठ्यांचा उकिरड्यावर ढीग. पहिल्या पावसात तेथे तांबूस कोंब फुटले, की त्यातली एखादी कोय दगडावर घासून तिची पुंगी करायची. फणस खाल्ला की आठळ्या मातीत पुरून ठेवायच्या, म्हणजे श्रावणात भाजायला होतात. रातांब्याच्या सालीचे आमसूल, रसाचे सरबत, आणि बियांचे तेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना. एका फळाला किती जन्म असतात, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही; कावळे हाकता हाकता शिकलो.

येथे थोडा इतिहासाचा चिमटा काढतो. हे सारे वाळवण आपण अनादी काळापासूनचे मानतो. पण ज्या मिरचीवाचून पापड-लोणचे तोंडाला लागत नाही ती मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेकडून आपल्याकडे आली. काजूचे झाडही त्यांनीच आणले. बटाटा त्याच दूरदेशचा. त्याचा कीस आपण उपासाला वाळवतो! साबुदाणा तर त्याहून नवा. आधी तो मलायाकडून येई. आज आपण जो खातो तो कसावाच्या कंदाचा, आणि त्याचे कारखाने सेलमच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभे राहिले. म्हणजे आजीने जुने ते जसेच्या तसे सांभाळून ठेवले होते असे नाही. नवे आले ते तिने पारखले, आपल्या उन्हात वाळवले आणि आपलेसे करून डब्यात भरले. परंपरा जिवंत असते ती अशी.

या वाळवणाचे पुढे काय झाले, त्याची एक गोष्ट मुंबईच्या गिरगावात घडली. १५ मार्च १९५९ रोजी तेथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसने आणलेले ऐंशी रुपये, आणि पहिल्या दिवसाचा माल पापडांची चार पाकिटे. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने त्यांचे काम बंद पडले, कारण पापड वाळणार कोठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली आणि पावसाची अडचण निवारली. तोच पुढे हजारो स्त्रियांचा लिज्जत पापड झाला. घरोघरी फुकट आणि नकळत होणाऱ्या एका श्रमाला तेथे प्रथमच मोल मिळाले. हा 'मोल' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

फुकटचे खेळ

दुपारी वडीलमंडळी लवंडली, की ओसरीवर आमचे राज्य. चिंचेतून निघालेले चिंचोके हे आमचे नाणे. ते एका अंगाने घासून पांढरे केले की सारीपाटाला फासे तयार. सागरगोटे रानातल्या काटेरी वेलीवरच्या शेंगांतून यायचे. करड्या रंगाचे, गुळगुळीत, अगदी दगडासारखे! मुली ते वर उडवून हाताच्या पालथीवर झेलीत, आणि घरातले मूल आजारी पडले तर त्यातलाच एखादा उगाळून औषधात जाई. फुटक्या कौलाच्या खापऱ्यांची लगोरी, बाभळीच्या फांदीची विटी आणि दांडू, वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या. खेळ मोडला की खेळणे पुन्हा मातीत.

चिंचोक्याला आणखी एक मानाचे काम होते. तो भाजून, साल काढून, दळून शिजवला की त्याची उत्तम खळ होते. धनगर-सणगरांच्या मागावर घोंगडीच्या ताण्याला हीच खळ कुंच्याने चढवतात. आमच्या घरी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ती पुस्तकांसाठी व्हायची. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके निम्म्या किमतीत मिळत. त्यांचे सुटलेले कणे खळीने चिकटवायचे आणि वर वर्तमानपत्राचे वेष्टन घालायचे. मागल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने वडील नेमकी काढून घेत, जुळवत, दाभणाने भोके पाडत आणि दोरा ओवण्याचे काम आम्हांला देत. त्या वहीवर लिहिताना हात सहसा गिचमिड अक्षर काढीत नसे. वहीतले आपले टाके दिसत ना!

आणि जेवणावळीच्या पत्रावळी! देशावर पळसाच्या, कोकणात वडाच्या आणि इतर झाडांच्या पानांच्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले, त्यात 'पत्रावळ' नावाची एक स्वतंत्र रात्र आहे. पत्रावळ लावता येणे ही तेव्हा मुलग्यांनीही शिकण्याची गोष्ट होती. जेवण झाले की पत्रावळ गाईपुढे किंवा खतात. घासायला भांडे नाही आणि टाकायला कचरा नाही.

हे सगळे आम्ही पर्यावरणासाठी करीत होतो काय? छे! तो शब्दच आमच्या कानांवर नव्हता. १९७२ साली स्टॉकहोमला राष्ट्रांची परिषद भरली, पुढल्या वर्षापासून ५ जून हा पर्यावरण दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि मग हळूहळू तो शब्द पाठ्यपुस्तकातून घरी आला. आमच्या घरी त्याआधी एकच शब्द होता, 'पुरवून'. तेल पुरवून वापर, साबण पुरवून वापर, पाणी तर पुरवूनच वापर. ओढ्यापासून घरापर्यंत ते डोक्यावरून येत असे.

जमाखर्चाची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणाचे डोळे पाणावले असतील तर त्यांनी क्षणभर थांबावे. जमेची बाजू लिहून झाली. प्रामाणिक माणसाने खर्चाचीही लिहिली पाहिजे.

माझी एक आत्या होती. शाळेत हुशार; पण चौथीनंतर तिचे नाव कमी झाले. आम्हा भावंडांची सुट्टी सुरू झाली की तिचे काम दुप्पट होई. पहाटे जाते, मग चीक, मग चाळीस माणसांचा स्वयंपाक, दुपारी पापड, संध्याकाळी पाणी. वर्षानुवर्षे आम्ही तिच्या हातचा चीक खाल्ला. ती कधी खेळायला आली नाही, आणि ती का येत नाही हे आम्ही कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी, हात थकल्यावर, मी तिला एकदा म्हणालो, "आत्या, काय सुंदर होती गं ती सुट्टी!" ती शांतपणे म्हणाली, "होय रे, तुमची."

त्या दोन शब्दांनी माझ्या आठवणींचा रंग कायमचा बदलला. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली तरी कित्येक घरांत मुलीला शाळाच पुरती मिळाली नव्हती, मग सुट्टी कोठून मिळणार? जिला शाळा नाही तिला सुट्टी नाही. गिरगावच्या गच्चीवरच्या त्या सात जणींनी श्रमाला मोल मिळवून दिले, त्याचे महत्त्व म्हणूनच मला फार वाटते.

विहिरीचेही तेच. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा आणि मामाने काठावरून ढकलून द्यायचे, ही पोहण्याची आमची शाळा. पण त्या विहिरीच्या काठाला दुसऱ्या वस्तीतली आमच्याच वयाची मुले शिवू शकत नव्हती. ती लांबून पाहत उभी राहत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला होता. तरीही चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चालत जावे लागले, आणि त्यानंतरही गावोगावच्या विहिरी लगेच मोकळ्या झाल्या नाहीत. ज्या पाण्यात आम्ही डुंबत होतो ते आमच्या सुट्टीत होते, त्यांच्या नव्हते.

शिवाय निसर्गाचे म्हटलेले सगळेच निर्मळ नसते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या चालीतून नारूचा रोग पसरे. पायातून हातभर जंत बाहेर येताना भोगलेल्या यातना जुन्या माणसांना आठवत असतील. पाणी गाळणे, औषध टाकणे, पायविहिरी बंद करून पंप बसवणे, अशी वर्षानुवर्षे खटपट झाली, तेव्हा कोठे २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला. जुने सारेच परत आणू म्हणणाऱ्यांनी नारूलाही आवतण द्यायचे आहे काय, हे सांगावे.

एक मामा आणि एक टेकडी

मग त्या सुट्टीतून घ्यावे तरी काय? याचे उत्तर मला दोन ठिकाणी सापडले.

पहिले मुंबईतले. १९०८ च्या सुमाराची गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खाण्यास चालेल की नाही, असे त्याने मामाला विचारले. मामा होते अमीरुद्दीन तय्यबजी. त्यांनी मुलाला 'चल, पळ!' म्हटले नाही. त्यांनी चिठ्ठी दिली आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे त्याला धाडले. तेथल्या मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखून दिली आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. आपल्या पक्षिविद्येचा सारा वटवृक्ष त्या एका चिठ्ठीतून उगवला. बंदूक घरात होती म्हणून हे घडले नाही. मुलाचा प्रश्न गंभीरपणे ऐकणारा मामा घरात होता म्हणून घडले.

दुसरे ठिकाण डहाणूजवळची कोसबाडची टेकडी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, आणि १९५७ मध्ये त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांमध्ये काम मांडले. शहरातल्या बालमंदिरातली महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती, आणि त्या मुलांना ती परकीही वाटली असती. म्हणून खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांवरच मोजणे, जुळवणे आणि रंग ओळखणे सुरू झाले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. मुले गुरे राखायला जात, तेव्हा शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९७५ साली सरकारने बालविकासाची योजना देशभर सुरू केली तेव्हा 'अंगणवाडी' हा मराठी अंगणातला शब्द साऱ्या भारताचा झाला.

पाहा कसे आहे! आमच्या ओसरीवरचे चिंचोके आणि कोसबाडचे चिंचोके एकच. पण आमचे ज्यांच्या नशिबात होते त्यांच्यापुरते होते. ताराबाई-अनुताईंनी ते ज्यांना सुट्टी ठाऊक नव्हती त्यांच्या हाती दिले. जुन्यातले सत्त्व ठेवून अन्याय गाळायचा असतो तो असा, चीक ठेवून चोथा वेगळा करावा तसा.

त्या सुट्टीचे सत्त्व माझ्या मते गरिबीत नव्हते, काटकसरीतही नव्हते. मुलांच्या हाताला घराच्या खऱ्या कामात खरी जागा होती, यात ते होते. कावळे हाकले नाहीत तर कुरडया खरेच जात. टाके नीट पडले नाहीत तर वही खरेच सुटे. आपण केलेले कोणाच्या तरी उपयोगी पडते, ही जाणीव मुलाला विकतच्या पिशवीतून मिळत नाही. आणि वस्तू कोठून आली व वापरून झाल्यावर कोठे गेली, ही दोन्ही टोके ज्याने पाहिली आहेत त्याला निसर्गाशी वेगळी मैत्री शिकवावी लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी आली. ती कायद्याने आणावी लागली, कारण मधल्या दोन पिढ्यांना दुसरे टोक दिसेनासेच झाले होते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यासाठी माझी सूचना अगदी लहान आहे. आजोळ सर्वांना राहिले नाही, विहिरी बुजल्या, आणि दुपारचे ऊन पोरांना बाहेर सोडण्याजोगे राहिले नाही, हे मलाही समजते. पण एका खिडकीत एक ताट वाळत घालता येते. जुन्या वह्यांची कोरी पाने अजूनही निघतात. आंब्याची एक कोय कुंडीत लावून तिचा कोंब कोणत्या दिवशी येतो ते भिंतीवर लिहून ठेवता येते. पोहणे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली शिकता येते, आणि आता ते पाणी सर्वांचे असावे असा आग्रहही धरता येतो. फक्त दोन नियम पाळावेत. पहिला, काम खोटे नको. त्याचा घराला खरेच उपयोग झाला पाहिजे. दुसरा, त्यात घरातली कोणीही बाई किंवा मुलगी केवळ पातेले घोटण्यापुरती असता कामा नये. वडिलांनी चीक घोटावा. त्यांचे दंड उगाच आहेत काय?

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरी हा प्रयोग झाला. पाव किलो गव्हाच्या कुरडया! चिरंजीवांनी घोटले, सूनबाईंनी खुर्चीत बसून सूचना केल्या, नातवाने गच्चीत कावळे हाकले आणि नातीने सोऱ्या दाबला. कुरडया वेड्यावाकड्या झाल्या. निम्म्या चीक असतानाच संपल्या. उरल्या त्या डब्यात भरून नातीने वर चिठ्ठी चिकटवली, "दिवाळीपर्यंत उघडू नये." चिकटवली अर्थात खळीने.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो डबा उघडलेला असेल. अंगणात किल्ला उभा असेल, बुरुजांवर अळीव उगवले असेल आणि ताटात मे महिन्यातले ऊन तळून फुललेले असेल. त्यातली पहिली कुरडई मी आत्याच्या नावाने बाजूला काढणार आहे. ती आज नाही. पण तिच्या वाट्याची सुट्टी कोणीतरी मोजून ठेवली पाहिजे.